कपाटाचं अंत्यदर्शन

आरोहीचा आजवर एकही प्रयोग फसलेला नव्हता. असं ती स्वतःच सांगायची, आणि पुराव्यानिशी सांगायची! रसायनशास्त्रात एम.एस्सी., खोपोलीकडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत दीड वर्ष नोकरी, आणि एवढ्या काळात तिच्या हातून ना एक बीकर फुटला, ना एक थेंब सांडला. लोधिवलीच्या घरी चहात साखर घालायची तरी ती चमच्यावरचा ढीग सुरीने सपाट करून घ्यायची. तिची आई सुनंदाबाई म्हणायच्या, "पोरगी चा करते का औषाद, कायच कळत नाय."

तर अशी ही मोजूनमापून जगणारी मुलगी दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर मांडी घालून बसायची आणि पुढचा अर्धा तास भूत लागल्यासारखी हसायची. कार्यक्रमाचं नाव होतं ‘मंगळवार गळतोय’.

नाव असं का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. पहिल्याच भागात एका माणसाच्या छतातून काहीतरी ठिबकत असतं. प्लंबर येतो, बोट लावून चाखतो आणि सांगतो, "मंगळवार आहे. वरच्या मजल्यावर गेल्या आठवड्यातला साचलाय." तो माणूस अगदी गंभीरपणे विचारतो, "बुधवारपर्यंत थांबेल का?" संपलं! दुसऱ्या एका भागात मंत्रिमहोदय रस्त्यावरच्या खड्ड्याचं उद्घाटन करतात, फीत कापून आत उतरतात आणि पुढची पाच वर्षं तिथूनच कारभार बघतात. त्यावर बराच गदारोळ झाला, वाहिनीला माफी मागावी लागली. पुढच्या शनिवारी माफीवरच भाग! माफी मागणारा माणूस पत्ता चुकून भलत्याच घरी जातो, माफी मागतो, आणि तिथली बाई म्हणते, "असू दे, ठेवून जा. आमच्याकडे कुणी मागतच नाही."

सुनंदाबाई दाराला टेकून, हाताची घडी घालून हे सगळं बघायच्या.

"ह्यात हसायचं काय हाय गं?"

"अगं आई, ते कुणीच हसत नाहीत ना, म्हणून!"

"मंग तू कशाला हसतेस?"

यावर रसायनशास्त्रात उत्तर नव्हतं. एम.एस्सी.ला असताना हॉस्टेलवर आरोही आणि आणखी चौघी मिळून एका मोबाईलवर हा कार्यक्रम बघायच्या. दिवसभर प्रयोगाचे आकडे जुळले नाहीत, गाईड ओरडले, घरून ‘स्थळ आलंय’ असा फोन आला, की कुणीतरी एक जण छताकडे बघून म्हणायची, "मंगळवार आहे." मग पाचही जणी गादीवर लोळायच्या. आता त्या पाच जणी पाच गावांना होत्या. आणि एकटीने हसण्यात एक अडचण असते. घरातले लोक पाणी आणून देतात.

त्या शनिवारी सुनंदाबाई पोशीरला, माहेरी गेल्या होत्या. नवनाथमामाच्या मुलीचा साखरपुडा होता. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत त्या परतणार होत्या. दुपारी आरोहीचा चुलतभाऊ जितेश टेंपो अंगणात उभा करून आत घुसला.

"आरोही! तुझे ते येडे आलेत!"

"कुठले वेडे?"

"मंगळवारवाले गं! धरणाच्या रस्त्याला फार्महाऊस घेतलंय त्यांनी. त्यांचं सामान मीच आनतोय. उद्या सकाळी कपाटाची मयत काढनार हायेत."

"कपाटाची?" आरोहीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आनंदाचं!

"हां. पन घोळ झालाय. मुंबईवरनं कपाट आनलं ते चौक गावच्या स्पीडब्रेकरवर उडालं. दार एकीकडं, कपाट एकीकडं. आता रातोरात दुसरं कुठनं आनायचं? लोखंडी पायजे, जुनं पायजे, दाराला आरसा पायजे."

दोघांचीही नजर एकाच वेळी आतल्या खोलीकडे वळली.

तिथे सुनंदाबाईंचं कपाट उभं होतं. पोपटी रंगाचं, उजव्या दाराला उंच आरसा, आणि डावं दार असं की ते गुडघ्याने वर उचलल्याशिवाय लागायचं नाही. लग्नात वडिलांनी दिलेलं. घरात टाइल्स आल्या, फ्रिज आला, टीव्ही भिंतीवर चढला, पण हे कपाट जागचं हललं नव्हतं. आरोहीने दोनदा नवीन घ्यायचं सुचवून पाहिलं होतं. दोन्ही वेळा तिला त्या दिवशी भाजी वाढली गेली नव्हती.

आरोहीने गणित मांडलं. शूटिंग नऊ ते एक. दोनला कपाट घरी. आई पाचला. म्हणजे सुरक्षिततेसाठी हातात तीन तास! प्रयोगशाळेतसुद्धा इतकी मोकळीक मिळत नाही.

वडील, रोहिदास, ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"बाबा, आईचं कपाट एका दिवसापुरतं—"

"तुझ्या आयेला इचार."

"फोन लागत नाहीये."

"लावलास का?"

"लागणारच नाही."

रोहिदासांनी शांतपणे पेपर तोंडावर घेतला. "मी झोपलोय," ते पेपराखालून म्हणाले.

मग काय! आरोहीने प्रत्येक कप्प्याचे फोटो काढले. साड्यांची थप्पी भिंतीपासून किती सेंटिमीटर आहे ते मोजलं. प्रत्येक कप्प्यातलं सामान वेगळ्या चादरीत बांधून त्यावर क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावल्या. संध्याकाळी रुचिता नावाची मुलगी कपाट न्यायला आली. ती दिग्दर्शकाची सहायक, कमरेला वॉकीटॉकी.

"याला काही होणार नाही ना?" आरोहीने तीनदा विचारलं.

"छे हो! फुलासारखं परत देऊ."

सकाळी नऊ वाजता फार्महाऊसच्या फाटकातून अंत्ययात्रा निघाली. आरोही कॅमेऱ्याच्या मागे उभी होती आणि तिला स्वतःचे पाय जमिनीला लागल्याचं जाणवत नव्हतं! बांबूची तिरडी, तिच्यावर पांढरं कापड, त्यावर पोपटी कपाट आडवं, आरसा वरच्या अंगाला. झेंडूचे हार. पुढे धूर निघणारं मडकं धरलेला तोच नट, ज्याने मंगळवार चाखला होता! मागे आठ-दहा कलाकार पांढऱ्या कपड्यांत. कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. यात्रा गावातून जुन्या हायवेवर चौकच्या दिशेने जाणार होती. पन्नास पावलांवर ‘कट’ होणार होतं.

पण मंडळींनी एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. गावातून तिरडी चालली की घरटी एक माणूस बाहेर पडतो. कोण गेलं ते नंतर. आधी पायात चप्पल!

सगळ्यात आधी सोनाबाई आली. वय ऐंशीच्या पुढे, आणि गावातल्या प्रत्येक मयताला पहिला हंबरडा तिचा. ती काठी टेकत तिरडीशी गेली, वाकली, हात जोडले. मग पोपटकाका बाहेर आले. ते भजनी मंडळाचे बुवा. त्यांनी गळ्यात टाळ अडकवलेच होते. मग समोरचे, मग मागच्या आळीतले. पाच मिनिटांत चाळीस माणसं!

"कोन गेलं?" एकाने दबक्या आवाजात विचारलं.

"कपाट," नट गंभीरपणे म्हणाला. तो मुरलेला कलाकार होता, कॅमेरा चालू असताना भूमिका सोडत नसे.

विचारणाऱ्याने मान हलवली. "वाईट झालं. किती वर्साचं व्हतं?"

मागे कुजबुज सुरू झाली. "कपाटाची मयत? आसं कुठं आसतं का रं?"

"मुंबईच्या लोकांत आसंल. आपल्याला काय ठावं?" पोपटकाकांनी निकाल दिला. "मागल्या साली ह्याच फार्महाऊसवाल्यांनी कुत्र्याचा वाढदिवस केला, तवा केक खाल्ला का नाय आपन? मंग सुखात जायचं आन दुःखात घरी बसायचं?"

हा मुद्दा सगळ्यांना पटला. काकांनी टाळ वाजवायला सुरुवात केली. खांदा देणारे शहरी कलाकार लोखंडाच्या वजनाने वाकले होते. गावच्या गड्यांनी त्यांना हलकेच बाजूला केलं. "सोड भावा, तुझं काम नाय." तिरडी एकदम झपाझप चालायला लागली. जितेशनेही उजवा खांदा दिला. एकेक बाई पुढे येऊन दर्शन घेत होती. आरसा वर असल्यामुळे दर्शन घेणारी प्रत्येक जण वाकून स्वतःचंच तोंड बघत होती, दचकत होती आणि डोळे पुसत मागे होत होती.

"सर, कट म्हणू?" रुचिताने विचारलं.

दिग्दर्शकाने तोंडावर बोट ठेवलं. तिशीतला बारीक माणूस, डोक्यावर कापडी टोपी. त्याचे डोळे भरून आले होते. "बघतेस ना? कुणीही हसत नाहीये! पाच वर्षं मी नटांना हेच सांगतोय. कॅमेरा बंद केला तर याद राख!"

आरोही त्या क्षणी जगातली सर्वांत सुखी मुलगी होती. हे सुख साधारण चार मिनिटं टिकलं. कारण मग रुचिता वॉकीटॉकीत बोलताना ऐकू आलं.

"भंगारवाल्यांकडे कटर तयार आहे ना? वीस मिनिटांत पोचतोय. हो हो, गॅस कटर. बरोबर मधोमध कापायचं. आरशासकट."

"काय कापायचं?" आरोहीने तिचा दंड धरला.

"कपाट. लोखंडी कपाटाचे अंत्यसंस्कार म्हणजे गॅस कटरच ना! सरांना आज सकाळी सुचलं. भारी आहे की नाही?"

"पण तुम्ही म्हणालात परत देऊ!"

"देऊ ना! दोन्ही भाग व्यवस्थित पॅक करून देऊ."

आरोहीच्या पोटात खड्डा पडला. उद्घाटन झाल्यासारखा! ती धावत तिरडीच्या पुढे निघाली, तेवढ्यात सोनाबाईची काठी तिच्या पोटावर आडवी आली.

"पोरी, मयताला आडवी जाऊ नको!"

"आजी, ते मयत नाहीये! कपाट आहे!"

"दिसतंय मला. मोतीबिंदू काडलाय मी. पन तिरडीवर हाय ना? तिरडीवर चडलं का मयत."

व्याख्येच्या दृष्टीने आरोहीला यात चूक काढता येईना. ती कडेने वळसा घालून जितेशपाशी पोचली. "जितेश, खाली ठेवा! कापणार आहेत आईचं कपाट!"

जितेशचा चेहरा पांढरा पडला, पण खांदा हलला नाही. "मधीच कसं ठिवनार? इसाव्याबिगर तिरडी जमिनीला टेकत नाय. काका मारतील मला!"

विसावा म्हणजे गावाबाहेर वडाखाली असलेला दगड. तिथे तिरडी एकदाच खाली ठेवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि पुढे निघायचं. आरोहीने अंतर पाहिलं. दोनशे मीटर. तिथे कपाट जमिनीला टेकलं की दिग्दर्शकाला बाजूला घ्यायचं, नीट समजावायचं, दोनच्या आत घर गाठायचं. अजूनही काही बिघडलेलं नव्हतं!

विसाव्याला तिरडी टेकली. आणि त्याच वेळी कर्जतच्या बाजूने आलेली एक शेअर रिक्षा मयत बघून रस्त्याच्या कडेला थांबली. चालकाने इंजिन बंद केलं. मागच्या सीटवरून हातात साखरपुड्याच्या लाडवांची पिशवी घेऊन एक बाई उतरली. साखरपुडा आटोपल्यावर नवऱ्याच्या जेवणाची काळजी वाटून ती सकाळचीच निघाली होती.

आरोहीच्या तीन तासांच्या मोकळिकीने तिथेच प्राण सोडला.

सुनंदाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. आपल्या गावची माणसं, आपल्या गावचे टाळ, म्हणजे आपलंच कुणीतरी गेलं! त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "कोन गं? कोन गेलं?" त्या प्रत्येकीला विचारत पुढे आल्या. बायकांनी वाट दिली. सुनंदाबाई तिरडीपाशी वाकल्या. आरशात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. आणि मग आरशाच्या कडेला ओळीने चिकटवलेल्या टिकल्या दिसल्या. लाल, मरून, चॉकलेटी. रोज रात्री काढून ठेवलेल्या.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "ह्ये तं माजं हाय."

आणि त्या रस्त्यावर बसल्या.

"कॅमेरा! बाईंवर!" दिग्दर्शक घोगऱ्या आवाजात ओरडला.

सुनंदाबाईंनी कपाटाच्या डाव्या दारावर हात ठेवला, खालच्या कोपऱ्यात, जिथे रोज त्यांचा गुडघा लागायचा आणि जिथला रंग उडाला होता.

"पोशीरवरनं आलंस तवा माजा बा टेंपोत उभा ऱ्हायला व्हता रं! दाराला हात लावून! दार वाजंल म्हून सबंद वाटंत त्यानं हात काडला नाय!"

"नाय काडला गं बाय!" सोनाबाईने लगेच सूर धरला.

"बा गेला, तूच ऱ्हायलं व्हतंस रं!"

"आता साड्या कुटं ठिवायच्या रं!" सोनाबाईने व्यावहारिक बाजू सांभाळली.

"नवी व्हते मी घरात. रडू आलं का तुजं दार उगडायचे, साड्यांत तोंड घालायचे. कदी कुनाला सांगितलं नायस. पोरीच्या बारावीला ताप चडला तवा बी तुज्याच पोटात रडले. तिला कळू दिलं नायस!"

टाळ थांबले. पोपटकाकांनी उपरण्याने नाक पुसलं. मुरलेला नट मडकं धरून हुंदके देत होता आणि ते अभिनयाचे नव्हते. रिक्षाचालक रडत होता. रुचिता वॉकीटॉकीचं बटण दाबून रडत होती, त्यामुळे हायवेवर कटर घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही सगळं ऐकू जात होतं.

आरोही मात्र रडत नव्हती. तिने त्या कपाटाचा प्रत्येक कप्पा मोजला होता, लांबी, रुंदी, खोली. त्यात आई मावत होती, हे तिच्या मोजमापात आलं नव्हतं.

"उचला!" दिग्दर्शकाने खूण केली. "थेट कटरकडे! भाव तुटू देऊ नका!"

आठ गड्यांनी तिरडी उचलली. आणि आरोही रस्त्याच्या मधोमध, मयताला बरोबर आडवी जाऊन उभी राहिली.

"कट!" ती ओरडली.

आपल्या सर्वांत लाडक्या कार्यक्रमाला. पाच वर्षांत तिने ज्याचा एक भाग चुकवला नव्हता, त्याला!

"हे आमचं कपाट आहे. आईचं आहे. मी तिला न विचारता दिलं. हे लोक शूटिंग करतायत आणि पुढे ते मधोमध कापणार आहेत. मी कापू देणार नाही."

सुनंदाबाई रस्त्यावर बसल्या बसल्या लेकीकडे बघत राहिल्या. चाळीस माणसं कधी कपाटाकडे, कधी कॅमेऱ्याकडे बघत होती. शेवटी पोपटकाकांनी घसा साफ केला.

"म्हंजे... मयत जितं हाय?"

"हो काका!"

गड्यांनी तिरडी पुन्हा विसाव्यावर टेकवली, तशी सोनाबाई पुढे झाली. तिने कपाटाचं दार किलकिलं करून आत डोकावलं. "रिकामं हाय," ती म्हणाली, "पन जितं हाय."

आता खरी पंचाईत उभी राहिली. "इसाव्यापत्तोर आनलेलं माघारी नेता येत नाय," काका म्हणाले.

"येतं!" सोनाबाई म्हणाली. "माज्या सासरी एक म्हातारा तिरडीवर उटून बसला व्हता. त्येला न्हाऊ घातलं, पुन्यांदा बारसं केलं, आन मंग घरात घेतला. पुडं अकरा वर्सं जगला. लई तरास दिला सगळ्यांना."

दाखला मिळाल्यावर गावाला प्रश्नच उरला नाही. कुणीतरी रिक्षातली पाण्याची बाटली आणली. कपाटाला आंघोळ झाली. साखरपुड्याच्या पिशवीतले लाडू बारशाचे म्हणून फुटले. राहिलं नाव. नाव कानात सांगायचं असतं, आणि कपाटाला कान नसतो. यावर दोन मिनिटं चर्चा झाली. मग सुनंदाबाई उठल्या, कुलपाच्या भोकाला तोंड लावून त्यांनी ‘कुर्र’ केलं आणि पुटपुटत एक नाव सांगितलं. काय सांगितलं ते कुणालाच ऐकू आलं नाही. कपाट सोडून अजूनही कुणाला ते ठाऊक नाही.

दिग्दर्शक रस्त्यात गुडघ्यांवर बसून, श्वास रोखून हे सगळं टिपत होता. कटरवाल्याला ‘जा’ म्हणून सांग, अशी त्याने रुचिताला हातानेच खूण केली. वॉकीटॉकीतून कटरवाला म्हणाला, "मी तसंही नसतं कापलं, ताई."

कपाट टाळांच्या गजरात घरी आलं. ओट्यावर रोहिदास अजून पेपराखाली झोपलेले होते. सकाळपासून पान उलटलेलं नव्हतं.

आतल्या खोलीत क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावलेली गाठोडी बघून सुनंदाबाईंनी फक्त ओठ दाबले. मायलेकी जमिनीवर बसून सामान लावायला लागल्या. आरोही मोबाईलमधला फोटो बघून एकेक साडी पुढे करत होती.

"मला इचारलं आसतंस तर..." सुनंदाबाई म्हणाल्या.

"दिलं असतंस?"

"नाय."

"मग?"

"मंग काय? पन इचारलं आसतंस."

आरोहीने मान खाली घातली. आता तिला रडू आलं. सुनंदाबाईंनी तिच्या हातातली साडी काढून घेतली. "साडीवर नको गं, डाग पडंल. ह्ये घे," आणि त्यांनी डावं दार उघडून दिलं.

आरोहीने कपाटात तोंड घातलं. आत डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या जरीचा आणि आईचा वास होता. ती रीतसर रडली. मग बाहेरून आईचा आवाज आला, अगदी सोनाबाईच्या सुरात.

"रिकामं हाय... पन जितं हाय."

आणि सुनंदाबाईंना हसू फुटलं. पहिल्यांदा नाकातून, मग पदर तोंडात कोंबून, मग तोही कोंबता येईना. कपाटातून आरोहीचं हसणं घुमायला लागलं, तसं कपाटच हसतंय असं वाटून दोघी आणखी कोसळल्या. ख चिठ्ठीचं गाठोडं सुटलं. रोहिदास पेपर घेऊन दारात येऊन उभे राहिले. काय झालं म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. सुनंदाबाईंनी सांगायचा प्रयत्न केला, पण ‘म्हातारा उटून बसला’च्या पुढे त्यांना जाताच येईना. शेवटी रोहिदासांनी दोन पेले पाणी आणून ठेवलं.

तीन महिन्यांनी तो भाग लागला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सोनाबाई खुर्चीत, पोपटकाका टाळ घेऊन, जितेश दारात. सुनंदाबाई नवी साडी नेसून सगळ्यात पुढे. त्या रविवारनंतर त्यांनी एकही भाग चुकवला नव्हता, आणि आता ‘ह्यात हसायचं काय’ असं रोहिदासच विचारायचे. सुरुवातीला पाटी आली, ‘या भागात कोणत्याही कपाटाला इजा करण्यात आलेली नाही.’ टाळ्या! मग तिरडी, मग पोपटकाका, मग आरशात वाकलेली सोनाबाई. सोनाबाईने स्वतःला ओळखून नमस्कार केला. बारसं आलं, लाडू आले. आणि भाग संपला.

"माजं रडनं कुटाय?" सुनंदाबाई म्हणाल्या.

सगळे आरोहीकडे बघायला लागले. आरोही मोबाईल घेऊन अंगणात गेली. दिग्दर्शकाने फोन उचलला तोच मुळी रडकुंडीला येऊन. पाच मिनिटांनी ती परत आली. कसं सांगावं, याचे तिने तीन मसुदे मनात केले होते. तिन्ही रद्द करून तिने जे होतं ते सांगितलं.

"आई, वाहिनीच्या साहेबांनी कापलं. ते म्हणाले, बाईंचं रडणं... खोटं वाटतं."

सोनाबाईने काठी घट्ट धरली.

"खोटं?" सुनंदाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खोचला. "खोटं वाटतं? फोन लाव त्या टोपीवाल्याला! म्हनावं, पुन्यांदा या. आवंदा मी माज्या हातानं देते सामान, काय कापायचं ते कापा, आन मंग बघा मी कशी रडते!"

आणि त्या सावकाश सगळ्या घरावरून नजर फिरवायला लागल्या. फ्रिज. शिलाई मशीन. छताचा पंखा. मग नजर उघड्या दारातून अंगणाकडे गेली.

रोहिदास उठले, बाहेर गेले आणि आपली मोटरसायकल ढकलत पडवीत आणून त्यांनी तिला कुलूप लावलं.